शनिवारची बैठक आणि बाबांची पेटी

माझे बाबा जानेवारीत गेले. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. गाणं रीतसर शिकलेले नव्हते, पण पेटी छान वाजवायचे. पस्तीस वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे त्यांची बैठक बसायची. पाच-सहा मित्र, पेटी, डग्गा-तबला आणि चहाचे तीन फेरे. दिवाळीत पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला सगळे मिळून जायचे. आता त्यांतले चौघे उरलेत, सगळे पंचाहत्तरीपुढचे. बाबा गेल्यावर दहाव्या-तेराव्याला आले, नंतर कोणी फिरकलं नाही. कपाटात दीडशेवर कॅसेट आहेत, त्यांतल्या बऱ्याच घरीच भरलेल्या. पेटीचे दोन सूर बोलत नाहीत. दादा म्हणतो, वर्षश्राद्धाला कालिदास नाट्यगृह बुक करून ऑर्केस्ट्रा ठेवू आणि बाबांच्या नावाने दरवर्षी पुरस्कार देऊ. आई म्हणते, काय करायचं ते करा, पण घरात त्या कॅसेट लावू नका. माझ्या हातात तीन-साडेतीन महिने आहेत. सुरुवात कुठून करू? आणि पेटी एका गाण्याच्या क्लासला देऊन टाकावी का?
एक मुलगी, इंदिरानगर

ताई,

पेटीला तूर्तास कोणाचा हात लागू देऊ नका. क्लासला द्यायची नाही आणि दुरुस्तीलाही पाठवायची नाही. आधी तिचा एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवा. फोन पेटीपासून फूटभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा, सुरांच्या ओढायच्या खटक्यांपैकी एकच उघडा ठेवा आणि डावीकडून सुरू करून प्रत्येक पट्टी पाच सेकंद दाबा. दाबण्याआधी तोंडाने नाव घ्या: काळी एक, पांढरी दोन, असं. साडेतीन सप्तकांच्या पेटीला 42 पट्ट्या असतात, म्हणजे सात-आठ मिनिटांचं काम. बंद पडलेले दोन सूर वगळा. हे कशासाठी, ते कॅसेटकडे आलो की सांगतो. एकदा कोणी कानसेने आतले सूर घासून पेटी 'सुरात आणली' की ही संधी गेली.

दुसरं तातडीचं काम बाबांच्या फोनचं. तो कोणाला वापरायला दिला असेल तर परत मागून घ्या. साधारण 120 दिवस व्हॉट्सॲप उघडलं नाही की ते खातं पुसलं जातं, आणि रिचार्ज नसलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते. पण अँड्रॉइड फोनवर उतरलेल्या व्हॉइस नोट फोनच्या मेमरीत राहतात. फोन रीसेट करू नका, व्हॉट्सॲप काढून टाकू नका. केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि व्हॉट्सॲपचं 'मीडिया' फोल्डर अख्खं उचलून घ्या. 'ऐक रे, कालची ती जागा अशी होती' म्हणत कोणाला तरी धाडलेले दहा-वीस सेकंदांचे तुकडे त्यात निघण्याची बरीच शक्यता आहे. त्या तुकड्यांच्या प्रती मित्रांच्या फोनमध्येही असतील.

आता मित्रांकडे येऊ, कारण सगळ्यात कमी वेळ त्यांच्याच बाबतीत आहे. कॅसेट अजून वर्षभर कपाटात राहिल्या तर फारसं बिघडत नाही. पंचाहत्तरीपुढच्या माणसांचं तसं नाही. ते फिरकले नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्या घरी पस्तीस वर्षं न विचारता चपला काढल्या, तिथे आता बेल वाजवून 'कसे आहात' म्हणायचं, हे त्या वयाच्या पुरुषांना जमत नाही. आपण गेलो की वहिनींना त्रास होईल, असंच प्रत्येक जण धरून बसलेला असतो. त्यांना बोलवावं लागेल, तेही ग्रुपवर मेसेज टाकून नाही. चौघांना वेगवेगळा फोन करा आणि एवढंच म्हणा, 'काका, या शनिवारी पाच वाजता चहाला या, दादा घ्यायला येईल.' श्रद्धांजली, आठवणी, कार्यक्रम यातला एकही शब्द काढू नका. दादांना या बेतात पहिलं काम हेच द्या, गाडी घेऊन आणायचं आणि साडेसातच्या आत परत पोचवायचं. अंधार पडल्यावर या वयात रिक्षा शोधत उभं राहावं लागू नये.

पहिल्या शनिवारी गाणं नाही, फोनवर रेकॉर्डिंग नाही. अल्बम टेबलावर असू द्या, पण उघडून समोर धरू नका. पेटी नेहमीच्या जागी खोळीत असू द्या. कोणी खोळ काढली तर काढू द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारपासून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करा. एकेकट्याला बसवण्यापेक्षा दोघांना एकत्र बसवा. एकटा माणूस 'फार दिलदार माणूस होता' एवढं बोलून थांबतो. दोघे असले की एक म्हणतो ते साल अमुक, दुसरा म्हणतो छे, तेव्हा तर तुझी बदली झाली होती, आणि मग खरी गोष्ट बाहेर येते. फोन चौपदरी नॅपकिनवर ठेवा, म्हणजे कपबशीचा आवाज टेबलातून चढत नाही. बोलणाऱ्यापासून दीड-दोन फूट अंतर, फ्लाइट मोड चालू, एका बैठकीला चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. 'बाबांबद्दल दोन शब्द सांगा' हा प्रश्न अजिबात विचारू नका. विचारायचं असं: पहिल्यांदा कोण कोणाला घेऊन आलं? सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं होतं? बाबा चुकले की कोण टोकायचं? पिंपळपाराला जाताना कोण हमखास उशीर करायचं? आणि एक प्रश्न वहीत लिहूनच ठेवा: बाबा कोणत्या पट्टीत गायचे, म्हणजे पेटीची कोणती पट्टी 'सा' धरायचे? काळी एक म्हणतील, पांढरी दोन म्हणतील. जे म्हणतील ते टिपून घ्या, पुढे लागणार आहे.

तुमचं पत्र दिवाळीच्या अलीकडचं आहे, तर पाडव्याचंही ठरवून टाका. घरात यंदा दिवाळी नसेल, पण पिंपळपारावर पहाटे गाणं ऐकायला सुतकाची आडकाठी नाही. चौघांपैकी ज्यांना झेपेल त्यांना न्या. घडीच्या खुर्च्या, कानटोप्या आणि थर्मास घरूनच न्या. लवकर पोचा आणि बाजूची जागा धरा. मधोमध बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला लघवीला उठायचं झालं तर गर्दीतून वाट मिळत नाही, आणि तेवढ्यासाठी बरेच जण यायचंच टाळतात.

कॅसेट. आधी तीन ढीग करा: घरच्या बैठकीच्या, रेडिओवरून भरलेल्या आणि विकतच्या. विकतच्या बाजूला ठेवून द्या. ते गाणं आज दहा ठिकाणी मिळतं, तुमच्या कॅसेटपेक्षा स्वच्छ मिळतं. वेळ घालवायचा तो पहिल्या ढिगावर. प्रत्येक कॅसेटवर नंबर चिकटवा, डबीवर नको. दीडशे कॅसेटच्या घरात निदान वीस तरी दुसऱ्याच डबीत असतात. नंबर, लेबलवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं आणि बाबांच्या अक्षरातली तारीख असेल तर ती, एवढं एका वहीत उतरवा. ही वही जेवणाच्या टेबलावर पडू द्या, का ते आईंच्या परिच्छेदात.

घरच्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकचे छोटे कान असतात, ते आधी मोडून टाका. ते मोडले की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी त्यावर काही भरलं जात नाही. मग काचेतून आतल्या टेपच्या पट्टीचं बिंडं बघा. कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असलं की हे होतंच. अशी कॅसेट लावू नका, वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. तिची भुकटी टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. खालच्या तोंडाशी मधोमध तांब्याच्या पातळ पट्टीवर फेल्टची बारकी गादी असते, ती आहे का बघा. जुना गोंद सुकून ती गळून पडलेली असते. तिच्याशिवाय पट्टी हेडला टेकत नाही आणि आवाज कोंदट, येतो-जातो असा होतो. गादी गळाली म्हणून कॅसेट फेकायची नाही. पाच स्क्रूची एखादी नको असलेली विकतची कॅसेट उघडा आणि तिच्या पोटात ही रिळं बसवा. पट्टी तुटली असेल तर सेलोटेप लावू नका, त्याचा चिकट पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. कॅसेटसाठीची स्प्लायसिंग टेप वेगळी मिळते.

यूएसबीवाले वॉकमनसारखे स्वस्त प्लेअर दिसतात, ते घेऊ नका. त्यांची गती डुलते, आणि पेटीसारख्या स्थिर सुरावर ते लगेच कळतं. नातेवाइकांकडे पडलेला जुना कॅसेट डेक मागा आणि एमजी रोडला किंवा जुन्या नाशकात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा एखादा जुना कारागीर गाठा. त्याच्याकडून रबरी बेल्ट बदलून घ्या. वीस वर्षं पडून राहिलेल्या डेकमधला बेल्ट डांबरासारखा वितळलेला असतो, आणि तसाच चालवला तर डेक पट्टी खातो. हेड आणि शेजारची लोखंडी दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, निदान 90 टक्क्यांचं घ्या. कानातली कापसाची काडी पुरते. रबरी चाकाला मात्र साबणाच्या पाण्याचा ओला बोळा बरा. दर पाच-सहा कॅसेटमागे पुन्हा पुसा. प्रत्येक कॅसेट वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं बसलेले वेढे मोकळे होतात.

डेकच्या मागच्या 'लाइन आउट'मधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरला देणारी छोटी डबी) आणि तिथून कॉम्प्युटरवर. ऑडॅसिटी हा सॉफ्टवेअर फुकट मिळतो आणि पुरेसा आहे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, डब्ल्यूएव्ही फाइल. आवाजाची टोकं उणे 6 डेसिबलच्या खालीच राहू द्या. बैठकीत मध्येच जोरात 'क्या बात है' येतं आणि तेवढंच फाटतं. तासाला साधारण 1 जीबी जागा लागते. घरच्या कॅसेट साठ धरल्या, काही साठ मिनिटांच्या, काही नव्वदच्या, तर सगळ्या मिळून पाऊणशे तास होतात. कॅसेट जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ तिला लागतो, त्याला आडवाट नाही. तीन महिन्यांत रोज पाऊण-एक तास पडतो. झेपेल. फायलींना '014-अ', '014-ब' अशी नावं द्या, म्हणजे वहीशी ताळा बसतो. एक प्रत तुमच्याकडच्या हार्डडिस्कवर, दुसरी दादांच्या घरी. मित्रांना पाठवायला एमपी3 करा आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

दोन चुका इथे सर्रास होतात. पहिली म्हणजे खरखर काढण्याचा हव्यास. 'नॉइज रिडक्शन' सतत चालणाऱ्या आवाजाला खरखर समजतं, आणि बैठकीत सतत चालणारा आवाज तंबोऱ्याचा असतो. भरपूर साफ केलेल्या कॅसेटमध्ये गाणारा राहतो आणि मागचा तंबोरा पाण्याखाली गेल्यासारखा होतो. मूळ फाइल कधीच साफ करू नका. साफ करायची तर प्रत काढून, आणि खरखरीचा नमुना घ्यायचा तो गाणं सुरू व्हायच्या आधीच्या, तंबोराही न लागलेल्या दोन-तीन सेकंदांतून. दुसरी चूक म्हणजे गाण्यांमधलं बोलणं कापणं. तबला लावताना चाललेली थट्टा, 'तो डबा इकडे सरकव', कुकरची शिट्टी, आतून आलेलं 'चहा टाकू का?', यातलं काहीही कापू नका. त्या बंदिशी इतरांनी तुमच्या बाबांपेक्षा चांगल्या गायल्या असतील. हे बोलणं मात्र जगात एकाच पट्टीवर आहे.

आता पेटीचं. घरच्या रेकॉर्डिंगची गती बऱ्याचदा चुकलेली असते. टेपरेकॉर्डर सेलवर चालत असला आणि सेल उतरत आले की पट्टी हळू फिरते. तीच कॅसेट नीट गतीच्या डेकवर लावली की सगळं भरभर आणि चढ्या सुरात वाजतं. बाबांचा आवाज बारीक, जरासा पोरकट ऐकू येतो, आणि घरच्यांना वाटतं तेव्हा ते तरुण होते म्हणून. कॅसेटमधली पेटी आणि घरातली पेटी एकच असेल, तर ताळा हातातच आहे. पेटीला दोन पट्ट्यांच्या मधला सूर नसतो. कॅसेटमधली पेटी घरच्या कुठल्याच पट्टीशी जुळत नाही, मध्ये कुठेतरी लोंबकळतेय, असं दिसलं तर गती नक्की चुकलीय. किती चुकली आणि कुठल्या बाजूला, ते मित्रांनी सांगितलेल्या पट्टीवरून ठरवा. समजा सगळे म्हणाले बाबा काळी एकमध्ये गायचे आणि कॅसेटमधला षड्ज घरच्या पांढरी दोनशी जुळतोय, तर कॅसेट अर्धा सूर चढी, म्हणजे सुमारे 6 टक्के जलद आहे. ऑडॅसिटीत गती उणे 5.6 टक्के केली की बाबांचा आवाज जागेवर येतो. सेल हळूहळू उतरतात, म्हणून कॅसेटच्या सुरुवातीला आणि शेवटी वेगवेगळा फरक निघू शकतो. अशी बाजू दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत दुरुस्त करा. ही खटपट एरवी कोणी करत नाही आणि दर कॅसेटला करायचीही गरज नाही. ज्या पाच-सात कॅसेट घरात पुन्हा पुन्हा ऐकल्या जाणार, त्यांच्यापुरती करा.

एखाद्या कॅसेटवर बाहेरून आलेल्या नावाजलेल्या गवयाची बैठक निघाली तर ती यूट्यूबवर टाकण्याआधी त्यांच्या घरच्यांना विचारा. आपल्याकडे कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क 50 वर्षं राहतो. घरात ऐकायला, मित्रांना ऐकवायला कोणाला विचारायचं कारण नाही.

आईंनी कॅसेट लावू नका म्हटलंय, ते पाळायचं. दार बंद करून, हेडफोन लावून काम करा, आणि ते चालू आहे हे त्यांच्यापासून लपवू नका. सगळ्यात वाईट म्हणजे 'आईला सरप्राइज' म्हणून कार्यक्रमात अचानक बाबांचा आवाज लावणं. असा बेत कोणी सुचवला तर तिथेच थांबवा. पाहुण्यांसमोर, मंचाच्या जवळ बसलेल्या बाईला उठून जाताही येत नाही. ती नंबरांची वही टेबलावर ठेवायला सांगितली ती यासाठी. शब्द बाबांचे, तारखा ओळखीच्या. कधीतरी त्या वाचतील आणि म्हणतील, हा अमक्याच्या बारशाचा दिवस. कोण कोण आलं होतं हे घरात त्यांनाच ठाऊक आहे, कारण चहाचे कप त्यांनी मोजलेत. म्हटलं नाही, तर नाही. मित्रांना कॅसेट ऐकायच्या असतील तर ती बैठक चौघांपैकी एकाच्या घरी भरवा.

वर्षश्राद्ध तिथीने येतं. चांद्र वर्ष 11 दिवसांनी लहान, म्हणून तिथी तारखेच्या आधी पडते, आणि मध्ये अधिक महिना आला तर साधारण 19 दिवस पुढे जाते. तुमच्या गुरुजींकडून तिथी आत्ताच काढून घ्या. विधी रामकुंडावर करा नाहीतर घरी, पण बैठक त्या दिवशी ठेवू नका. सकाळपासून उपाशी बसलेल्या आईंना संध्याकाळी पाहुणे नकोत. बैठकीला तिथीजवळचा शनिवार धरा.

कालिदासबद्दल दादांची भावना समजते, पण तिथे दीडशे माणसं हरवून जातात आणि सगळ्यांना वाटतं, कोणी आलंच नाही. ऑर्केस्ट्रावाले त्यांची ठरलेली गाणी वाजवून जातील आणि बाबांचे चार मित्र सहाव्या रांगेत टाळ्या वाजवत बसतील. बैठक घरातच करा. बारा बाय अठराच्या हॉलमध्ये सोफा बाहेर काढला की तीस माणसं बसतात. मधे सतरंजी, भिंतीकडेने खुर्च्या. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांना मागे ढकलू नका, गाणाऱ्याच्या दोन्ही हातांना बसवा. कानाचं मशीन लावणाऱ्याला तबल्यापासून लांब. गाणाऱ्याला सहा-आठ इंच उंच बैठक द्या, एवढ्या खोलीत माइक लागत नाही. सोसायटीच्या गच्चीवर स्पीकर लावून करायचं ठरवलंच, तर रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर बंद आणि निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, परवानगी आधी घ्यावी लागते. शिवाय जानेवारीत नाशकाची रात्र किती गारठते ते तुम्हाला सांगायला नको. त्या हवेत तंबोऱ्याच्या तारा चढत राहतात आणि म्हातारे गळे बसतात.

साडेपाचला सुरू, आठला भैरवी. वाद्यं पाच वाजताच खोलीत लावून घ्या आणि पंखा त्याआधीच बंद करा. गाणारे दोनच: एक बाहेरचा, तयारीचा, आणि त्याच्याआधी बाबांचे मित्र. तबलावाले काका थरथरत्या हाताने दहा मिनिटं वाजवतील, ताल कुठे चुकेल, चालेल. त्यांना आधी वाजवू द्या. तयार गाण्यानंतर त्यांना बसवणं बरं नाही. भाषणं दोन, तीन-तीन मिनिटांची. बाबांचा फोटो गाणाऱ्याच्या मागे देवासारखा टांगू नका, ते जिथे बसायचे तिथे ठेवा. उदबत्ती, धूप बिलकूल नको, गाणाऱ्याचा घसा धरतो. खाणं मध्यंतरात किंवा शेवटी. गाणं चालू असताना चिवड्याच्या डिश फिरल्या की रेकॉर्डिंगभर कुरकुर आणि ताटल्यांचा खणखणाट. शेवटी गरम खिचडी-कढी पुरे. चहाची बिनसाखरेची किटली वेगळी, वर चिठ्ठी लावून.

पुरस्कारासाठी दादांना एवढंच विचारा, पाचव्या वर्षी पैसे कुठून येतील? लाखभराच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साडेसहा हजार मिळतात. त्यात हॉल आणि मानधन दोन्ही बसत नाही. त्यापेक्षा मित्रांच्या आठवणी उतरवून 32 पानी पुस्तिका काढा. पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं येतात. शंभर प्रती डिजिटल छपाईत होतात. अक्षर 14 पॉइंटचं ठेवा, वाचणारे कोण आहेत ते लक्षात घेऊन.

आणि पेटी. कॅसेटचं काम संपलं की दुरुस्तीवाल्याला घरी बोलवा, पेटी त्याच्याकडे सोडू नका. न बोलणाऱ्या सुरात बहुतेक वेळा धूळ नाहीतर केस अडकलेला असतो, तेवढा काढला की सूर बोलतो. त्याला बजावून सांगा, ते दोन सूर करायचे, बाकीच्यांना कानस लावायची नाही. सगळे खटके बंद करून भाता मारून बघा. पट्टी न दाबता भाता झपकन बसला तर हवा गळतेय, तिथे चामडं लावून घ्या. क्लासला द्यायचं की नाही ते पुढच्या पावसाळ्यानंतर ठरवा, तोवर शनिवारी येणारा कोणी ना कोणी ती वाजवेलच. डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, मात्र आताच दाखवून घ्या. बदलायची झाली तर नवी पुडी बसायला वाजवून वाजवून दोन-तीन आठवडे जातात, आणि डिसेंबरच्या शेवटी बदललेली पुडी बैठकीत दर दहा मिनिटांनी उतरत राहील.